तिसरी बाटली

लोकांच्या दारात बाटली घेऊन उभं राहायचं, हे माझं संशोधन. बेळगावात बी.एस्सी. झाले तेव्हा वाटलं होतं, पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि रोगांची मुळं शोधायची. बंगळुरात नोकरी लागली तेव्हा कोट मिळाला खरा, पण कोटाबरोबर एक खाकी पिशवीही मिळाली. पिशवीत रुंद तोंडाच्या आठ बाटल्या. त्या घेऊन क्षयरोग्यांच्या घरी न कळवता जायचं, दार वाजवायचं आणि शेजारपाजारच्या बिऱ्हाडांदेखत म्हणायचं, "लघवी द्या." आई पाहुण्यांना सांगायची, मुलगी औषधांवर संशोधन करते. पाहुणे म्हणायचे, वा वा. मी उठून चहा टाकायला जायची.

हे एकोणीसशे साठच्या थोडं अलीकडचं-पलीकडचं. क्षयाला औषधं निघाली होती, पण ती द्यायची कशी यावर डोकी चालली होती. तोवर क्षय झाला म्हणजे गावाबाहेरच्या रुग्णालयात खाट मिळवायची, दूध-अंडी खायची, मोकळ्या हवेत पडून राहायचं आणि वाट बघायची. बरं व्हायची किंवा दुसरी. खाटा मोजक्या आणि रोगी ढीगभर. म्हणून आमची प्रयोगशाळा एवढंच बघत होती, की औषध घरी नेऊन घेतलं तर माणूस बरा होतो का, आणि नसेल होत तर का होत नाही.

औषधं दोन होती. एक आयसोनायझिडची इवलीशी पांढरी गोळी, कुणीही गिळावी अशी. दुसरं 'पास'. ती पूड, आणि ती इतकी घ्यावी लागे की पिठाच्या पातळ पापुद्र्यात भरून तिच्या चपट्या, रुपयाएवढ्या वड्या केलेल्या असत. पाण्यात बुडवून मऊ करायच्या आणि गिळायच्या, दिवसाला मूठ-मूठभर. तोंडाला पाणी सुटायचं, मळमळायचं, जुलाब व्हायचे. रोगी विचारायचे, गोळीनं बरं वाटतंय, मग ही वडी कशाला? त्यांना मी कुलपाचं सांगायची. दाराला एकच कुलूप असलं तर हजार चोरांत एखाद्याकडे त्याची किल्ली निघतेच. तो आत शिरतो आणि आपली पिलावळ वाढवतो. दोन कुलपं असली तर दोन्ही किल्ल्या एकाच चोराकडे सापडणं कठीण. जंतूंचं तसंच आहे. नुसती गोळी खाल्लीत तर गोळीला न भिणारे चार-दोन जंतू मागे राहतील आणि मग तेच तेवढे घर भरून टाकतील. लोक मान डोलवायचे, सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणायचे, आणि मी वळले की वडी मोरीत.

म्हणून बाटल्या. 'पास' पोटात गेलेलं असलं की लघवीत उतरतं आणि त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की रंग जांभळट तांबडा होतो. नसलं तर फिकट पिवळं ते फिकट पिवळंच राहतं. नियम साधा होता. तीन बाटल्या फिक्या निघाल्या की त्या रोग्याचं घरचं औषध बंद. त्याला रुग्णालयात खाटेवर टाकायचं आणि नर्सनं समोर उभं राहून वड्या गिळायला लावायच्या. तो नियम कुणी माणूसघाण्यानं केला नव्हता. अर्धवट औषध घेणारा रोगी स्वतः तर मरतोच, वर औषधाला न जुमानणारे जंतू घरभर खोकून जातो.

बाटल्या नसतील त्या दिवशी अंडी. जंतू वाढवायला जे लागतं ते अंड्यांचं करतात, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. टोपल्याच्या टोपल्या अंडी धुवायची, फोडायची, गाळायची, त्यात हिरवा रंग आणि मीठ-बीठ घालून नळ्यांत तिरकं ओतायचं आणि गरम करून थिजवायचं. हुबेहूब हिरवा खरवस. त्यावर रोग्याच्या बेडक्याचा अंश लावायचा आणि सहा-आठ आठवडे थांबायचं, कारण क्षयाचा जंतू मोठा आळशी, त्याला कशाची घाई नाही. मी घरी आले की आई मला आधी न्हाणीत पिटाळायची. म्हणायची, संशोधन बाहेर ठेवून ये. आम्ही चामराजपेटेत दोन खोल्यांत राहत होतो, आणि आईच्या नाकातून तो वास काही केल्या जात नव्हता. मला तर वास यायचाच बंद झाला होता. संध्याकाळी पाय इतके दुखायचे की जेवताना बोलायलाही नको वाटायचं.

जिची ही गोष्ट ती रोगीण मला भेटली ती याच पेठेत. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. निपाणीकडचं कुटुंब, नवरा सरकारी कारखान्यात फिटर, घरात सासू आणि तीन वर्षांची मुलगी. ती स्वतः चोवीस-पंचवीसची असेल. तिच्या घरात कन्नड फक्त नवऱ्याला धड येत होतं आणि तो दिवसभर कारखान्यात, म्हणून ते घर माझ्या वाट्याला आलं. मोठे डॉक्टर म्हणाले, तुमची माणसं आहेत, तुम्हीच सांभाळा. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे प्रमुख, म्हैसूरकडचे, हळू बोलणारे, ऐकताना ब्लेडनं पेन्सिल तासत बसणारे.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अक्का, स्वल्प बसा की." मला तिचं ते बोलणं आवडलं. बंगळुरात येऊन सात महिने झाले होते तिला आणि 'स्वल्प' आणि 'सरी' एवढंच काय ते कन्नड पदरात पडलं होतं. तिला आतल्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळं. मुलीला उंबऱ्याच्या आत यायची बंदी. पोर उंबऱ्याबाहेर बसकण मारून बसायची, आई आत भिंतीला टेकून, आणि मधल्या चार हातांवरून दोघींचा संसार चालायचा. आई आतून सांगणार, बाहुलीला आता झोपव, तिला पांघरूण घाल. पोर बाहेर घालणार. मला बघून पोर बाहुली लपवायची, कारण एकदा मी गमतीनं म्हटलं होतं, हिचीही बाटली पाहिजे.

तिनं मला पहिल्याच महिन्यात स्वच्छ सांगून टाकलं होतं. "अक्का, मरणाची भीती नाही मला. खाटेवर पाठवलं तर पोर जाईल. आमच्या सासूबाईंना एकटीला होत नाही, पोरीला नणंदेकडं पाठवतील. नणंदेला चार मुलं, त्यात ही पाचवी. वाढेल की. पण माझी राहायची नाही. इथून निदान दिसते तरी." मी म्हटलं, वड्या गीळ, मग कोण तुला हलवतंय. आणि ती गिळत होती. पहिल्या तिन्ही बाटल्या जांभळ्या निघाल्या. वजन वाढलं, ताप उतरला, बेडक्यातले जंतू कमी झाले. मोठ्या डॉक्टरांनी तिचा कागद बघून पेन्सिल खाली ठेवली, म्हणजे ते खूश होते.

मग आषाढात एक बाटली फिकी आली. मला वाटलं, होतं एखाद्या दिवशी. खरं ते लिहिलं. श्रावणात दुसरी फिकी आली आणि माझं डोकं फिरलं. मी तोंडाची फटकळ, सगळी पेठ सांगेल. त्याच संध्याकाळी कामावरून परतताना तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सासूदेखत तिला झाडली. म्हटलं, "तुला हा खेळ वाटला का गं? आम्ही काय हौसेनं उन्हातान्हात फिरतो?" ती म्हणाली, उलटी झाली. हे खोटं वाटायचं कारण नव्हतं, 'पास'नं निम्म्या लोकांना उलट्या व्हायच्या. सासू मध्ये पडली. "बाई, पोरगी देवाचं करते, औषधही घेते, तिला बोलू नका. बसा, फराळाचं घेऊन जा." मी रागातच बसले आणि रागातच खाल्लं.

भाद्रपदात तिसरी बाटली. प्रयोगशाळेत नळीत थेंब टाकले आणि बघत राहिले. पिवळं. हलवलं, उजेडात धरलं, आणखी दोन थेंब टाकले. पिवळं ते पिवळं. त्या दुपारी बाटली देताना तिनं मला विचारलं होतं, "ही तिसरी ना, अक्का?" मी म्हटलं होतं, तुला कुणी मोजायला सांगितलंय. मागे उंबऱ्याबाहेर पोर बाहुलीला जेवू घालत होती. मला ते सगळं त्या नळीत दिसायला लागलं, आणि मी रजिस्टर पुढे ओढलं आणि तिच्या ओळीत 'जांभळा' असं लिहिलं.

कुणी बघितलं नाही. कुणी विचारलं नाही. मीच संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि दम दिला. "आज मी तुझ्यासाठी खोटं लिहिलंय. पुन्हा लिहिणार नाही. यापुढे वड्या चुकवल्यास तर तुझी तू." तिनं माझे पाय धरले. मला शरम वाटली आणि बरंही वाटलं, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं लोकांनी माझ्या तोंडावर दारं लावली होती, शेजारणी पदर नाकाला लावून बाजूला व्हायच्या. पाय कुणी धरले नव्हते. आश्विनात पुन्हा फिकी आली तेव्हा मी पुन्हा जांभळा लिहिला. एकदा खोटं लिहिलं की दुसऱ्यांदा हात अडखळत नाही. मी स्वतःला समजावलं, मधल्या एका बाटलीत रंग आला होता ना, म्हणजे घेते ती, एखाद्या दिवशी राहतं बिचारीचं.

दिवाळी झाली. तिचा आश्विनातला बेडका आम्ही दोन नळ्यांत लावला होता. एकीत नुसता हिरवा खरवस, दुसरीत आयसोनायझिड मिसळलेला. औषध लागू पडत असेल तर दुसरी नळी स्वच्छ राहायला हवी. आठव्या आठवड्यात मी नळ्या काढल्या तर दोन्हीत सारखंच पीक आलेलं, पिवळसर, खरखरीत, भाजलेल्या रव्यासारखं. जंतूंना औषधाची सवय झाली होती. गोळी आता त्यांना साखरेसारखी.

तडक तिच्या घरी गेले. सासूला बाहेर बसवलं आणि तिला म्हटलं, औषधाचे डबे काढ. गोळ्यांचा डबा हिशेबात होता, एकही गोळी जास्त नाही. वड्यांचा डबा अर्धा भरलेला. मी ओरडले नाही. ओरडायचंही त्राण नव्हतं. नुसतं विचारलं, का गं?

तिनं सांगितलं ते असं. आषाढी एकादशीला तिनं नेम धरला होता. चातुर्मासभर धारणं-पारणं. एक दिवस कडकडीत उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, असं कार्तिकी एकादशीपर्यंत. का, तर खाटेवर जावं लागू नये, पोरीपाशी राहता यावं. उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची, कारण गोळीत धान्य नाही. वड्या मात्र पारण्याच्या दिवशीच. "वरचा पापुद्रा तांदळाच्या पिठाचा असतो ना, अक्का. तुम्हीच सांगितलं होतं की पहिल्या दिवशी. म्हणाला होतात, भिऊ नको, आपल्या पापडीसारखंच आहे, पोटात विरघळतं. मग उपासाला कसं चालेल?"

मी सांगितलं होतं. प्रत्येकीलाच सांगायची, गिळायला धीर यावा म्हणून. मला म्हणायचं होतं, "अगं, मला विचारायचंस तरी." पण काय विचारणार ती? तिला शंका असती तर विचारलं असतं. उपासाला धान्य चालत नाही यात कसली आली शंका? मी नेम मोडायला लावीन म्हणून तिनं ते माझ्यापासून लपवलं, आणि नेम मोडला तर पोर जाईल अशी तिची पक्की समजूत. 'पास' मी नेहमी वाईट तोंडानं, मळमळीनं, आळसानं बुडालेलं पाहिलं होतं. भक्तीनं बुडतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि यायला हवं होतं, हेच मला आजही खातं. मोठे डॉक्टर नाही ओळखू शकत, त्यांना धारणं-पारणं काय माहीत. पण मी? माझ्या आईनं दोन चातुर्मास केलंय. श्रावणात त्या घरी जे फराळाचं खाल्लं ती साबुदाण्याची खिचडी होती. भाद्रपदात, तिसऱ्या बाटलीच्या दिवशीही सासूनं पानावर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वाढली होती. रंग आला त्या दिवशी भाकरी. मी जेवले, हात धुतले, बाटली पिशवीत टाकली आणि निघाले. समोर वाढलेलं ताट मला वाचता आलं नाही आणि मी रोगाची कारणं शोधायला निघाले होते.

आता पुढचं. प्रयोगशाळेत रजिस्टर माझ्या हाताचं, आणि त्यात तिच्या दोनच फिक्या बाटल्या. दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे तिचे कागद आणि त्या दोन नळ्या. ते इंग्रजीत म्हणाले, हळूहळू, की ही बाई नियमितपणे दोन्ही औषधं घेते आणि तरी जंतू गोळीला दाद देत नाहीत. याचा अर्थ आपण समजतो ते चूक असणार. दोन औषधं पुरत नाहीत. घरी तर मुळीच पुरत नाहीत. मग घरच्या सगळ्या रोग्यांचा पुन्हा विचार करावा लागेल. आणि हिचं म्हणाल तर हिची काही चूक नाही, हिला दवाखान्यात रोज इंजेक्शन देऊ, घरीच राहू दे.

घरीच राहू दे. मी तोंड मिटून उभी राहिले असते तर ती पोरीपाशी राहिली असती. मी बोलले तर ती खाटेवर जाणार, आणि रोज त्या इंजेक्शनाबरोबर वड्या गिळते की नाही हे नर्स बघणार. नाही बोलले तर इतक्या घरांतली माणसं, जी नाक दाबून इमानानं वड्या गिळत होती, त्यांच्या औषधावरचा विश्वास माझ्या एका ओळीनं उडणार. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या सुचलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला फक्त इतकं कळत होतं, की हे वजन आता पेलवत नाही. म्हणून बोलले. शौर्य-बिर्य काही नाही, मी थकले होते.

सगळं सांगितलं. तिसरी बाटली, आश्विनातली बाटली, नेम, तांदळाचा पापुद्रा. मोठ्या डॉक्टरांचं पेन्सिल तासणं थांबलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिसरी बाटली खरी लिहिली असतीत तर ती केव्हा खाटेवर गेली असती?"

"भाद्रपदात," मी मराठीतच म्हणाले आणि मग इंग्रजी महिना सांगितला.

"तेव्हा जंतू अजून गोळीला मानत होते," ते म्हणाले. "सहा महिन्यांत घरी आली असती."

मग त्यांनी तिची ओळ पेन्सिलीनं आडवी खोडली. आमच्या कोष्टकातून ती गेली, ना बरी झालेल्यांत ना न झालेल्यांत. मला त्यांनी नोकरीवरून काढलं नाही, बाटल्यांवरून काढलं. पुढचं दीड वर्ष मी अंडी फोडली. आणि एक केलं त्यांनी, त्याबद्दल मी त्यांना मानते. घरोघर जाणाऱ्या सगळ्यांना बसवून सांगितलं, की यापुढे औषधाबरोबर उपासही विचारायचा. कन्नड घरं, तमिळ घरं, मुसलमान घरं, सगळीकडे. पाठोपाठ सात-आठ रोगी निघाले. कुणाची एकादशी, कुणाचा शनिवार, कुणाचे रोजे. रोज्यात तर दिवसा पाणीही नाही. ते सगळे वेळेवर सापडले आणि घरीच राहिले.

तिला न्यायला गाडी आली तेव्हा मी गेले नाही. अंड्यांच्या खोलीत होते. आईनं संध्याकाळी सांगितलं, ती आपल्या पायांनी चालत गाडीत बसली, पोर सासूच्या कडेवर होती आणि पोरीला वाटलं आई गावाला चालली. पोर चार दिवसांनी निपाणीला आत्याकडे गेली. मी जेवले नाही. आईनं विचारलं, आज काय एकादशी आहे का? मी आईवर इतकी खेकसले की ती दोन दिवस बोलली नाही.

ती दीड वर्ष होती तिथे. इंजेक्शनं झाली, त्यानं कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, रोगी फुप्फुस मिटवायला डाव्या बाजूच्या चार बरगड्या काढल्या. मी भेटायला जायचं रोज ठरवत होते. तिकडे बस दर रविवारी जायची. एकही रविवार मी गेले नाही, आणि दर रविवारी कारण नवं असायचं. त्याच सुमारास वरून ठरलं, की यापुढे शक्यतो सगळ्यांनाच औषध घरी द्यायचं, माणसं घरादारापासून तोडायची गरज नाही. प्रयोगशाळेत चहा-बिस्किटं झाली. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. मी बिस्किट खाल्लं आणि परत नळ्या धुवायला गेले.

ती बरी होऊन आली हे मला सासूनं बाजारात सांगितलं. पुढच्या रविवारी मोसंबी घेऊन गेले. दार उघडं होतं. ती आता आतल्या खोलीत नव्हती, पुढच्या सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. डावा खांदा खाली आलेला, बाकी अंगानं भरली होती, तोंडावर तकाकी होती. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, बस. तिनं माझ्यासाठी पाट सरकवला. मी म्हटलं, "मी डॉक्टरांना सांगितलं. तुझं सगळं." ती म्हणाली, "माहीत आहे की, अक्का. तिथं सांगितलं मला नर्सनं." आणि खाली बघून तांदूळ निवडत राहिली.

मुलगी आली होती निपाणीहून, सुट्टीपुरती. पाच वर्षांची झाली होती, पायांत पैंजण, केसांच्या दोन वेण्या. आता तिला उंबऱ्याची बंदी नव्हती, पण ती आईच्या जवळ यायचीच नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी म्हटलं, ये गं, मोसंबं घे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग आईकडे वळली.

"मामी, ह्या कोण?"

मला क्षणभर कळलंच नाही ती कुणाला म्हणतेय. मग कळलं. नणंदेची मुलं हिला मामी म्हणतात. त्यांच्यात वाढलेली पोर तेच शिकली, आणि आई ती निपाणीच्या आत्याला म्हणते. कुणी मुद्दाम शिकवलं नसेल. चार मुलं दिवसभर जे बोलतात ते पाचवी बोलणारच. मी तिच्या आईकडे बघितलं. तिचा हात सुपातच होता. तिनं पोरीला सुधारलं नाही, रागावली नाही. एक खडा वेचला, बाजूला ठेवला आणि पोरीला सांगितलं, अगदी सरळ, टोमणा नाही, काही नाही.

"ह्यांनी मला बरं केलं," ती म्हणाली. "नमस्कार कर."

पोरीनं वाकून माझ्या पायांना हात लावला.